दिल्लीची डिझेल गाडी, पुण्याची बोली

२०१६ साली एकाच महिन्यात, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन डिझेल गाड्या घ्या. मॉडेल तेच, रंग तोच, दोन्ही साधारण ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर फिरलेल्या, दोघींचे मालक वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करणारे. एक दिल्लीत द्वारकेला उभी आहे, दुसरी पुण्यात कोथरूडला. दोन्ही आज ऑनलाइन लिलावात टाकल्या तर पुण्याची गाडी चांगली वरचढ भावाने जाईल. गंमत अशी की दोन्ही गाड्यांवर शेवटची बोली लावणारा डीलर एकच असू शकतो, आणि दोन्ही शेवटी साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या ग्राहकाच्याच दारात उभ्या राहू शकतात.

मग फरक कशाचा? लोखंड तेच आहे, इंजिनही तेच. फरक आहे तो कागदावर उरलेल्या आयुष्याचा.

जुन्या गाडीची किंमत म्हटलं की आपल्या डोक्यात एक सरळ उतार असतो. विमा कंपन्यांचा तक्ताही तसाच आहे: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, आणि असं करत पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के. त्यापुढे तक्ता संपतो. गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. पेट्रोल गाडीच्या बाबतीत हा उतार बऱ्यापैकी खरा ठरतो. जुन्या डिझेलचं तसं नाही. तिची किंमत पायऱ्यापायऱ्यांनी पडते. वर्षभर जागची हलत नाही आणि मग एखाद्या आदेशाच्या दिवशी धाडकन एक पायरी खाली येते. कधी कधी तर अर्धी पायरी पुन्हा वरही चढते.

या पायऱ्या कुणी बांधल्या ते आधी पाहू. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये आदेश दिला की दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी दिल्ली आणि राजधानी क्षेत्रात रस्त्यावर चालणार नाही. २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पेट्रोलला मात्र पंधरा वर्षं. म्हणजे दिल्लीत डिझेल गाडी घेतली की पहिल्या दिवसापासूनच तिचं एक तृतीयांश आयुष्य वजा.

तरी कित्येक वर्षं हा नियम अंमलबजावणीत ढिला होता आणि बाजारालाही त्याची सवय झाली होती. खरा हादरा बसला तो २०२५ मध्ये. हवा गुणवत्ता आयोगाने आदेश काढला की १ जुलैपासून दिल्लीच्या पंपांवर अशा मुदतबाह्य गाड्यांना इंधनच द्यायचं नाही. पंपावर नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले. ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज अडीच लाखांना विकल्याची बातमी त्याच दिवसांतली. दिल्लीतल्या एका व्यापारी संघटनेने जुन्या गाड्यांचे भाव ४० ते ५० टक्क्यांनी पडल्याचा दावा केला. दावा व्यापाऱ्यांचा आहे, त्यामुळे थोडं मीठ-मिरची धरून चालू. पण दिशा बरोबर होती.

पुढे काय झालं? आठवड्याभरातच इंधनबंदी नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली गेली. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. मग १७ डिसेंबर २०२५ ला न्यायालयानेच हे संरक्षण आखडतं घेतलं: बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचं सरकारी मानक) आणि त्यापुढच्या गाड्यांनाच ते मिळेल, बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्यांना नाही. सहा महिन्यांत चार वळणं. ज्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात घाबरून गाडी फुंकून टाकली त्याला ऑगस्टमध्ये हळहळ वाटली असणार, आणि ज्याने त्याच आठवड्यात ती उचलली तो मिशीला पीळ देत बसला असणार.

इथे बीएस-३ आणि बीएस-४ ची गोष्ट जरा थांबून समजून घ्यायला हवी, कारण आता पुढच्या किमती वयापेक्षा याच रेषेवर फुटणार आहेत. बीएस-४ मानक देशभर १ एप्रिल २०१७ पासून सक्तीचं झालं. पण त्याआधी, २०१० पासूनच, ते तेरा शहरांत लागू होतं. त्यात दिल्ली, मुंबई आणि पुणे होतंच; शिवाय आपलं सोलापूरही होतं. म्हणजे २०१३ साली सोलापुरात पासिंग झालेली नवी डिझेल गाडी बीएस-४ असायची आणि शेजारच्या जिल्ह्यात त्याच वर्षी घेतलेली गाडी बीएस-३ असू शकायची. आज लिलावाच्या पानावर या दोन्ही ‘२०१३ मॉडेल, डिझेल’ म्हणूनच दिसतात. आरसीवर किंवा सरकारच्या वाहन पोर्टलवर उत्सर्जन मानकाचा, म्हणजे याच बीएसचा, रकाना असतो, तो बघितल्याशिवाय भाव सांगणाऱ्याचं ऐकू नका.

महाराष्ट्रात दहा वर्षांचा नियम नाही. इथे खासगी डिझेल गाडीची नोंदणी पेट्रोलसारखीच पंधरा वर्षांची, आणि नंतर गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण. केंद्राने २०२२ पासून या नूतनीकरणाची फी मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० केली. रक्कम फार मोठी नाही, पण लाख-सव्वा लाखाच्या गाडीवर ती जाणवते. शिवाय एक टांगती तलवार आहेच: मुंबईच्या हवेचा विषय उच्च न्यायालयात आल्यानंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये एक समिती नेमली, मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि विजेच्या गाड्यांना परवानगी देता येईल का, हे तिने तपासायचं. निर्णय झाला नाही तरी समिती नेमल्याची बातमीच ठाणे-नवी मुंबईच्या डीलरला हात आखडता घ्यायला पुरेशी असते.

डिझेल स्वस्त होतं तेव्हा

कायदा हे अर्धं कारण. उरलेलं अर्धं पंपावर आहे, आणि त्याबद्दल लोकांच्या मनात एक ठाम समजूत असते: पेट्रोल-डिझेलमधला फरक संपला म्हणून डिझेल गाडी मेली. आकडे मांडून बघा, चित्र तितकं सोपं नाही.

मे २०१२ मध्ये पेट्रोल एका फटक्यात साडेसात रुपयांनी वाढलं तेव्हा दिल्लीत ते ७३.१८ रुपये झालं आणि डिझेल होतं ४०.९१. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेल २० देते असं धरलं, तर पेट्रोलवर किलोमीटरला ४ रुपये ८८ पैसे आणि डिझेलवर २ रुपये ५ पैसे. वाचले २ रुपये ८३ पैसे. आता २०२५ ची मुंबई घ्या: पेट्रोल साधारण १०३.५०, डिझेल ९०. त्याच सरासरीने ६ रुपये ९० पैसे विरुद्ध साडेचार रुपये. म्हणजे किलोमीटरमागे तेव्हाही २ रुपये ४० पैसे वाचतच होते!

मग डिझेलची हवा कुठे गेली? एक तर २०१२ चे पावणेतीन रुपये आणि २०२५ चे दोन रुपये चाळीस पैसे यांची खरेदीची ताकद एक नाही. दुसरं, तेव्हा डिझेलवाल्याचा खर्च पेट्रोलवाल्याच्या ४२ टक्के होता, २०२५ मध्ये तो ६५ टक्के होता. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: आता स्पर्धा पेट्रोलशी नाहीच. २०२५ मध्ये मुंबईत सीएनजी किलोला सुमारे ८० रुपये होता आणि छोटी गाडी किलोला २५ किलोमीटर सहज जाते. हिशोब होतो ३ रुपये २० पैसे. डिझेलपेक्षाही स्वस्त, वर दहा वर्षांची भीती नाही, टर्बो नाही, डिझेलचे महागडे इंजेक्टर नाहीत. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणारा जो माणूस २०१२ साली डोळे झाकून डिझेल घ्यायचा, तोच आज सीएनजी पंपाच्या रांगेत उभा आहे. जुन्या डिझेलचा सगळ्यात पक्का गिऱ्हाईक असा हातातून गेला.

कंपन्यांनीही वाऱ्याची दिशा ओळखली. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू होण्याच्या वर्षभर आधीच मारुतीने जाहीर केलं की डिझेल गाड्या बंद. कारण उघड होतं: छोट्या गाडीच्या डिझेल इंजिनाला नव्या मानकात बसवायचं म्हणजे धूर गाळणारी महागडी यंत्रणा आली, आणि ती किंमत सहा-सात लाखांच्या गाडीला झेपत नाही.

लिलावात नेमकं काय होतं

ऑनलाइन लिलाव म्हटलं की आपण समजतो, देशभरातले हजारो लोक आपल्या गाडीवर तुटून पडणार. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या मंचांवर बोली लावू शकतात ते फक्त नोंदणी केलेले डीलर. तपासनीस येतो, फोटो काढतो, इंजिनाच्या आवाजाचा व्हिडिओ घेतो, रंगाची जाडी मोजतो, टायरची नक्षी किती उरली ते लिहितो. हा अहवाल डीलरांच्या फोनवर जातो आणि काही मिनिटांपुरती बोली सुरू होते. शेवटच्या क्षणी कुणी वाढवलं तर घड्याळ थोडं पुढे सरकतं.

आता यातली मेख. चढत्या बोलीच्या लिलावात भाव सगळ्यात उत्सुक माणूस ठरवत नाही; तो ठरवतो दुसऱ्या क्रमांकाचा माणूस. लासलगावला कांद्याच्या लिलावात एखादा व्यापारी मनात तीन हजारांपर्यंत जायला तयार असेल, पण बाकीचे चोवीसशेला थांबले, तर तो कशाला तीन हजार देईल? चोवीसशेवर थोडे टाकून माल त्याचा. गाडीचंही तसंच. समजा तिघा डीलरांची मनातली कमाल मर्यादा आहे २ लाख २३ हजार, २ लाख १५ हजार आणि १ लाख ९० हजार. गाडी सुटेल २ लाख १५ हजारांच्या किंचित वर. आता मधला डीलर त्या दिवशी जुनं डिझेल नको म्हणून बाजूला झाला, तर तीच गाडी १ लाख ९० हजारांच्या आसपास जाईल. पहिल्या डीलरच्या मते गाडीची किंमत रुपयाने बदललेली नाही, तरी विकणाऱ्याच्या हातात पंचवीस हजार कमी.

जुन्या डिझेलच्या घसरणीचं मर्म मला तरी इथेच दिसतं. भीतीची बातमी आली की सगळे डीलर गाडीला वाईट म्हणत नाहीत. काही जण नुसते गप्प बसतात. आणि बोली लावणारे पाचावरून दोनावर आले की भाव आपोआप कोसळतो. कर्ज मिळत नाही ही त्यातली आणखी एक गाठ. गाडी फार जुनी झाली की बँका तिच्यावर कर्ज द्यायला तयार नसतात, म्हणजे शेवटचा ग्राहक रोख पैसे मोजणारा हवा. असे ग्राहक मुळातच थोडे.

डीलर ती मर्यादा ठरवतो कशी, ते कोथरूड-द्वारकेच्या जोडीवरच करून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, पण हिशोबाची रीत खरी आहे. समजा, ही गाडी पुण्यात ग्राहकाला ४ लाखांना विकता येईल. दिल्लीची गाडी आणायची तर महाराष्ट्रातला रोड टॅक्स आणि आरटीओचं काम ३५ हजार, ट्रेलरवरून आणण्याचे २०, डेंटिंग-पेंटिंग आणि सर्व्हिसिंगचे ३०, दोन महिने पैसे अडकल्याचे १०, स्वतःचा नफा ३५, आणि काही लपलेलं निघालंच तर म्हणून २०. झाले दीड लाख. त्यावर जीएसटी. जानेवारी २०२५ पासून जुनी गाडी विकणाऱ्या नोंदणीकृत डीलरला १८ टक्के द्यावे लागतात, ते खरेदी आणि विक्रीच्या फरकावर. लक्षात घ्या, नफ्यावर नव्हे, फरकावर. दुरुस्तीचा खर्चही त्यात अडकतो. थोडं सोपं करून धरलं तर दीड लाखावर २७ हजार. म्हणजे चार लाखांतून १ लाख ७७ हजार वजा, आणि बोलीची मर्यादा २ लाख २३ हजार.

पुण्याच्या गाडीला टॅक्स आणि वाहतूक नाही. नावावर करण्याचे ५ हजार, दुरुस्ती ३०, अडकलेले पैसे १०, नफा ३५, जोखीम १०. एकूण ९०, त्यावर जीएसटी १६ हजार २००. मर्यादा २ लाख ९३ हजार ८००. दोन जुळ्या गाड्यांत ७० हजार ८०० चा फरक आला, आणि यात ‘दिल्लीत चालणार नाही’ हा मुद्दा अजून धरलेलाच नाही. तो वेगळ्या वाटेने येतो: पुण्याच्या गाडीसाठी पुण्यातले डीलर भांडतात, दिल्लीच्या गाडीसाठी मात्र दिल्लीतले डीलर मैदान सोडून गेलेले असतात.

ऑनलाइन लिलावाने केलं ते एवढंच की हा हिशोब मांडणारी माणसं एकमेकांना भेटली. पंधरा वर्षांपूर्वी द्वारकेच्या मालकाला करोलबागचा दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागायचा. आज पुण्याची, इंदूरची, जयपूरची बोली त्याच पडद्यावर येते. त्यामुळे दिल्लीचा भाव तळाला जाऊन बसत नाही. दुसऱ्या राज्यातला भाव वजा तिथवर नेण्याचा खर्च, इतक्यावर तो टेकतो. याचीच दुसरी बाजू कोथरूडच्या मालकाला सोसावी लागते: दिल्लीच्या स्वस्त गाड्या इकडे येऊ लागल्या की त्याच्या गाडीचाही भाव थोडा दबतो.

कोणत्या गाड्या टिकतात

सगळ्या जुन्या डिझेलना एका दावणीला बांधू नका. इनोव्हा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, बोलेरो यांचा बाजार वेगळाच आहे. त्यांना पर्याय म्हणून सीएनजी उभा राहत नाही. सात-आठ माणसं, सामान, घाट, कच्चा रस्ता, लग्नसराई. हे काम छोट्या सीएनजी गाडीचं नाही. ग्रामीण महाराष्ट्रात तर बोलेरोचं मॉडेल कुठल्या सालचं हे विचारण्याआधी चेसिस गंजलीय का ते बघतात.

छोट्या गाड्यांत एक इंजिन विशेष आहे: फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट. पुण्याजवळ रांजणगावला आणि मारुतीकडे मानेसरला ते लाखोंनी बनलं, आणि स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, इंडिका विस्टा, पुंटो, लिनिया अशा एकमेकींच्या स्पर्धक गाड्यांत बसलं. त्यामुळे तालुक्याच्या मेकॅनिकलाही ते पाठ आहे आणि सुटे भाग कुठेही मिळतात. पण इंजिन एक म्हणून भाव एक, असं होत नाही. डिझायरच्या मागे चालू सर्व्हिस सेंटरांचं जाळं आहे. लिनियाची कंपनीच भारतीय बाजारातून उठली. चालवायला लिनिया कितीही गोड असली तरी लिलावात तिच्यावर बोली लावणारे दोन, आणि डिझायरवर आठ.

सगळ्यात वाईट अवस्था युरोपीय डिझेल सेडानची. नवी घेताना पंचवीस-तीस लाख, दहा वर्षांनी तिला एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं की दुरुस्तीचा आकडा गाडीच्या भावाला भिडतो. डीलर जोखमीच्या रकान्यात वीस हजारांऐवजी दीड लाख धरतो आणि बोली तिथेच मरते.

नियमाला बगल देण्याचे प्रकारही या बाजारात झाले. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, तर जानेवारी २०१६ मध्येच महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १.९९ लिटरचं इंजिन आणलं! ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्काच्या अटीवर ती बंदी उठली.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक धक्का आला, तोही वेगळ्याच दिशेने. नव्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. चार मीटरच्या आतल्या, १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर सेससकट ३१ टक्के होता तो १८ वर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली सरकणारच. दोन-तीन वर्षांच्या गाड्यांना हे जास्त लागलं. दहा-बारा वर्षांच्या डिझेलला तुलनेने कमी, कारण तिचा ग्राहक नव्या गाडीच्या दुकानात जाणाराच नव्हता.

या सगळ्याच्या तळाशी भंगाराचा भाव आहे. २०२१ च्या स्क्रॅप धोरणात तो नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के धरला आहे. शिवाय मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. दहा लाखांच्या गाडीच्या भंगाराचे म्हणजे चाळीस ते साठ हजार. चालू गाडीला यापेक्षा कमी बोली आली तर लिलाव सोडून द्यावा, हे सांगायला तज्ज्ञ नको.

विकताना, घेताना

लिलावातला पहिला आकडा बघून हरखून जाऊ नका. पुष्कळदा तो बोलीचा आकडा असतो, तुमच्या खात्यात येणारा नव्हे. गाडी उचलायला आलेला माणूस पुन्हा तपासणी करतो आणि ‘टर्बो शिट्टी मारतोय’, ‘क्लच जड झालाय’ म्हणत दहा-पंधरा हजार खाली ओढतो. यावर उपाय साधा: शेवटच्या सर्व्हिसिंगची बिलं, क्लच-टायमिंगचं काम केलं असेल तर त्याची पावती, आणि पहिल्या तपासणीच्या अहवालाची प्रत हाताशी ठेवा. डीलरच्या जोखमीच्या रकान्यातले वीस हजार कमी करण्याचा हाच एक मार्ग विकणाऱ्याकडे आहे. रंगरंगोटीवर खर्च करू नका. तो डीलर तुमच्यापेक्षा स्वस्तात करतो.

घेणाऱ्याला बँकांच्या जप्तीच्या लिलावात गाड्या आणखी स्वस्त दिसतात. तिथे अट असते ‘जशी आहे, जिथे आहे’. आधी बयाणा भरायचा, यार्डात उभी गाडी बघायची, बहुधा चालवून बघता येत नाही. वर्षभर उभ्या राहिलेल्या डिझेल गाडीत बॅटरी आणि टायर तर गेलेले असतातच, पण टाकीत पाणी धरलेलं असेल तर पंप आणि इंजेक्टरचं काम निघतं. सरकारी गाड्यांचा जुना मार्ग मात्र बंद झाला. पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवत नाहीत. त्या नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच जातात. तहसीलदाराची जुनी जीप लिलावात घेऊन शेतावर वापरायचे दिवस गेले.

परराज्यातली गाडी घेत असाल तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. एनओसीवर कुठल्या आरटीओसाठी दिली ते लिहिलेलं असतं; पुण्याची एनओसी घेऊन कोल्हापुरात पासिंग होत नाही. चालान बाकी आहेत का, आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा तसाच आहे का, हे वाहन पोर्टलवर पाच मिनिटांत दिसतं. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरप्लेट, बसली आहे का तेही पाहा.

आणि विकणाऱ्याने एक कागद विसरू नये. गाडी डीलरला दिली तरी ती दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत आरटीओच्या लेखी मालक तुम्हीच असता; अपघात झाला तर नोटीस तुमच्याच घरी येते. एप्रिल २०२३ पासून यावर तोड आहे. गाडी परवानाधारक डीलरच्या ताब्यात देताना पोर्टलवर फॉर्म २९-सी भरला जातो आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. हा फॉर्म भरल्याची पोच मागा. डीलर ‘दोन दिवसांत करतो’ म्हणाला तर किल्लीही दोन दिवसांनी द्या.